उंबरमाळात पाणी मुबलक

बारावीला भूगोलात मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले होते. त्याचा उपयोग काय झाला विचाराल, तर माझं लग्न उंबरमाळला झालं.

मी प्रतिभा. माहेर शिनोलीचं. शिनोली म्हणजे घोडेगावहून भीमाशंकरला जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. येणाऱ्या-जाणाऱ्या एसटी, दोन किराणा दुकानं, आणि आमच्या अंगणात नळ. उंबरमाळ वर डोंगरात. फाट्यावर एसटीतून उतरायचं, पदर खोचायचा आणि देवाचं नाव घेत चढायला लागायचं. आमच्या भूगोलाच्या बाई फळ्यावर लिहायच्या, सह्याद्रीच्या माथ्यावर विपुल पर्जन्यवृष्टी होते. होते की! चार महिने अशी होते की चूल पेटत नाही आणि लुगडं वाळत नाही. मग ती सगळी पर्जन्यवृष्टी उंबरमाळला नमस्कार करून उतारानं खाली पळते ती थेट डिंभ्याच्या धरणात. धरणातून कालव्यात, कालव्यातून पार खाली निरगुडसरकडच्या उसात. आणि होळी झाली, की उंबरमाळच्या बाया डोक्यावर रिकामा हंडा घेऊन, खालच्या धरणाचं निळंशार पाणी बघत बघत, कड्याखालच्या झऱ्यावर जातात. झरा कसला, खडकाला आलेला घाम तो. वाटीनं भरायचं. ह्याला भूगोलात काय म्हणतात ते आम्हाला परीक्षेत आलं नव्हतं.

नवरा मात्र चांगला मिळाला, खोटं कशाला बोलू. गोकुळ त्याचं नाव. आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण मी घेते, काय जीभ झडली नाही अजून. गोकुळ मवाळ. भात, नाचणी, थोडी वरई, आणि उन्हाळ्यात हिरडा गोळा करून घोडेगावच्या केवलचंद शेटच्या दुकानात घालायचा. सासरे गेणभाऊ, तेही गरीब माणूस. घराची खरी मालकीण म्हणजे सासू, लंकाबाई. घरात पाणी कुणी किती वापरायचं ह्याचा कायदा तिच्याकडं. त्या कायद्यात सुनेनं उन्हाळ्यात डोक्यावरून आंघोळ करायची ती आमावस्येला नाहीतर पुनवेला, मधल्या दिवसांत चंद्राकडं बघून समाधान मानायचं.

लग्नाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात एक दिवस मी झऱ्याच्या दोन खेपा केल्या आणि त्यातल्या अर्ध्या हंड्यानं केस धुतले. मीच आणलेलं पाणी बरं का! तर सासूनं अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं सुरू केलं, "आली म्हाराणी शिनोलीची! हितं पोरांच्या घशाला कोरड आन हिचं केस मुलायम पायजेत!" झालं. मी ओल्या केसांनीच डोंगर उतरले. जाताना म्हणलं, "घरापर्यंत पाण्याचा पाईप येईल त्या दिवशी येईन. तवर मी न्हाई."

गोकुळ दर बाजारच्या दिवशी शिनोलीला यायचा. पळसाच्या पानात करवंदं घेऊन. आमच्या ओट्यावर बसायचा, माझ्याकडं बघायचा, नळाकडं बघायचा, आणि उठून जायचा. मला रडू यायचं आणि रागही यायचा. शेवटी सासऱ्यांनी, म्हणजे गेणमामांनी, निरोप धाडला, आवणीच्या आत काय ते ठरवा. सून भात लावायला आली तर आली, नाहीतर काडीमोड. आमच्या आईनं तो निरोप ऐकून देवाजवळ दिवा लावला. मला गोकुळ पाहिजे होता आणि ती वाटी नको होती.

हे सगळं अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यातलं. त्याच उन्हाळ्यात हेल्गाबाई आल्या.

ह्या हेल्गाबाई परदेशातल्या, जिथं सहा महिने बर्फ असतं तिथल्या. तिथं त्या भूगोल शिकवायच्या, आणि उष्ण कटिबंधातल्या विकसनशील देशावर पुस्तक लिहीत होत्या. त्याची जमीन, त्याची माणसं, त्यांचा कामधंदा. त्यासाठी त्यांना अख्खा देश बघायचा होता, आणि हातात होता आठवडा. पण मुद्दा तो नव्हता. त्यांच्या गावची एक मंडळी इकडं एका गावाला पाण्याची टाकी आणि पाईप द्यायला तयार होती. गावं निवडली होती दोन, एक उंबरमाळ आणि दुसरं खालचं, कालव्याकाठचं. त्याचं नाव घेत नाही, आमचे पाहुणे आहेत तिथं. हेल्गाबाईंनी दोन्ही बघायची, आणि त्या म्हणतील त्या गावाला पाईप.

बाईंबरोबर पुण्याच्या एका संस्थेचे सर होते. सरांना इंग्रजी फार चांगलं यायचं, पण डोंगरातल्या बायका काय बोलतात ते कळायचं नाही. त्यांची जीप केवलशेटच्या दुकानापुढं चहाला थांबली. शेटनी विचारपूस केली, आणि पाईप हा शब्द कानावर पडताच त्यांचा चेहरा उजळला. कारण शेटच्या पोरानं, अंकितनं, त्याच वर्षी पीव्हीसी पाईपांचं दुकान टाकलं होतं. लगेच म्हणाले, "सर, डोंगरातली भाषा कळणारी आणि शिकलेली, अशी पोरगी आहे माझ्या ओळखीची, उंबरमाळच्या गोकुळची बायको. भूगोलात पहिली!"

मोहनकाकू, म्हणजे शेटची बायको, आतून म्हणाल्या, "अहो, ती तर भांडून आलीय ना तिकडून?"

"म्हणूनच तर ती खरं सांगंल," शेट म्हणाले. माणूस व्यापारी खरा, पण त्या दिवशी त्याचं गणित बरोबर होतं.

मी आनंदानं हो म्हणलं. माझा पाईप माझ्या हातानं आणायचा, ह्यापरीस आणखी काय पाहिजे?

जायच्या आदल्या दिवशी केवलशेट स्वतः डोंगर चढून उंबरमाळला गेले. पोट सुटलेला माणूस, धापा टाकत गेला. देवळापुढं सगळ्यांना बसवलं आणि शिकवणी घेतली. हे मला गोकुळनं नंतर सांगितलं. शेट म्हणाले, "हे बघा भाऊ, गिऱ्हाईक दुकानात आलं की आपण काय करतो? त्याला पाहिजे तो माल पुढं मांडतो. ह्या गिऱ्हाइकाला गरिबी पाहिजे. तुमच्याकडं माल एक नंबर आहे, तर मांडा की पुढं! स्टीलचे हंडे आत, फुटकी मडकी बाहेर. बाई आली की तोंडं पाडायची. पाणी विचारलं की म्हणायचं, नाही."

"बरं शेट," सगळे म्हणाले.

"काय म्हणायचं?"

"न्हाई म्हनायचं."

शेट समाधानानं खाली उतरले. इतकी वर्षं त्या लोकांकडून हिरडा घेतला, पण उंबरमाळची माणसं तोंडावर सगळ्याला बरं म्हणतात आणि मग करायचं तेच करतात, हे त्यांना अजून ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. हेल्गाबाई उंच, उन्हानं लालबुंद झालेल्या, पायात चपला, डोक्यावर भली मोठी टोपी. बाई स्वभावानं चांगली. वाटेत थांबून हिरड्याचं झाड बघितलं, भाताच्या रोपांसाठी भाजून ठेवलेली जमीन, राब, बघितली, माती हातात घेऊन वास घेतला. सरांनी त्यांना समजावलं, की इथले लोक फार मानी आहेत, ते जे देतील त्याला नाही म्हणायचं नाही, नाहीतर अपमान समजतात. बाईंनी मान डोलावली. केवलशेट आमच्या मागं येत होते, खांद्याला घरून आणलेली गाळलेल्या पाण्याची बाटली. ते बाहेरचं पाणी पीत नाहीत.

गावात शिरलो आणि बघते तर काय!

पहिलं घर सावळेरामभाऊंचं. सारवलेल्या अंगणात रांगोळी. दारात स्टीलचे हंडे, एकावर एक, चिंचेनं घासून लखलखीत केलेले आणि काठोकाठ भरलेले. सावळेरामची बायको अंजना नव्या लुगड्यात उभी, हातात तांब्याचं घंगाळ. बाई अंगणात आल्या, तशी अंजना पुढं झाली आणि तिनं घंगाळभर पाणी बाईंच्या पायांवर ओतलं. भरभरून. मग पुसायला टॉवेल. मग प्यायला तांब्या-भांडं. मग गूळ.

मी अंजनाला बाजूला घेतलं. "अगं, काय चाललंय हे? शेटनी काय सांगितलं व्हतं?"

"सांगितलं व्हतं की. पर पावणी दारात आली आन पायावर पानी घालायचं न्हाई? येवढी सातासमुद्रापल्याडची बाई! काय म्हनंल?"

"अगं, आणलं कुठनं येवढं?"

"पहाटंपासून समद्या बाया झऱ्यावरच व्हतो. काल दुपारच्याला बी गेल्तो. पार खरवडून आनलं बग," ती कौतुकानं म्हणाली.

आता मला सांगा, ह्याला काय म्हणायचं! जी बाई गावात पाणी नाही हे बघायला आली, तिला दाखवायला गावातलं होतं नव्हतं तेवढं पाणी काढून तिच्याच पायांवर ओतायचं. आणि एका घरानं ओतलं तर दुसरं कसं मागं राहणार? त्यांनी घंगाळ ओतलं तर ह्यांनी बादली. चांगदेवनानांच्या घरी तर बाईंना पाटावर बसवून गुडघ्यापर्यंत पाय धुतले. बाई खूश! उन्हात चालून आलेली, पायांना गारवा मिळतोय, हसतेय, फोटो काढतेय. शेवटच्या घरापर्यंत तिचे पाय असे झाले होते, की उंबरमाळात जन्मात कुणाचे तेवढे स्वच्छ पाय झाले नसतील. आणि ते पाणी अंगणातून वाहत वाहत, नेहमीसारखं, उतारानं खाली निघालं होतं.

केवलशेट एका आंब्याखाली डोकं धरून बसले. "गिऱ्हाईक गेलं माझं," एवढंच म्हणाले.

आमचं घर मधोमध. सासू दारात. जरीकाठाचं लुगडं, कपाळभर कुंकू, आणि पुढं सगळ्यात मोठं घंगाळ. तिनं बाईंचे पाय धुतले. मग माझ्याकडं वळली. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं तांब्या भरला आणि माझ्या पायांवर पाणी घातलं. मग प्यायला भांडं पुढं केलं आणि म्हणाली, "घ्या, पानी घ्या पावनं."

अहोजाहो केलं मला. ज्या घरात मी आवणीला पैऱ्यानं आलेल्या माणसांची भाकरी भाजली, त्या घराच्या उंबऱ्याबाहेर उभं करून माझ्या पायांवर पाणी. घरच्या सुनेला कुणी पाणी देत नाही, ती आत जाते आणि स्वतः घेते. सासूनं न भांडता मला घराबाहेर काढलं होतं, तेही एवढ्या मानानं. मी ते भांडं तसंच उंबऱ्यावर ठेवलं. गोकुळ आत खांबाला टेकून उभा होता, त्यानं मान खाली घातली.

मग बाईंची चौकशी सुरू झाली. बाई सरांना विचारायच्या, सर मला, मी सासूला.

"पाणी किती लांबून आणता?"

"लांब कशाला? हितंच की," सासू म्हणाली. "हाकंच्या अंतरावर."

हाक मारली तर जाते बरोबर, कड्यावरून सरळ खाली जाते. माणसाला मात्र वळसा घालावा लागतो.

"उन्हाळ्यात पुरतं का?"

"पुरून उरतंय."

"आंघोळ रोज करता?"

"आगं बया! काय बी इचारती ही! माणसावानी माणसं आमी, आंगुळ करनार न्हाई व्हय?" सगळ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मी मात्र हसले नाही. माझी आमावस्या-पुनव आठवली आणि डोकंच फिरलं.

मी सरांना म्हणलं, "सर, हे सगळं खोटं आहे. हे पाणी बायांनी कालपासून वाटीवाटीनं भरलंय. तुम्ही गेल्यावर ह्या घरांत प्यायला घोट नाही. माझ्याबरोबर खाली कड्यावर चला, मी झरा दाखवते. मी ह्या घरची सून आहे, मला माहीत आहे."

सासूचा चेहरा असा झाला, जसं काही मी तिचा पदरच ओढला चारचौघांत. सरांनी विचारलं, "लंकाबाई, खरं आहे का हे?"

सासूनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरांना म्हणाली, "तिचं काय मनावर घेताय साहेब! ती माहेराला ऱ्हाती. हितं ऱ्हातच न्हाई, तर तिला काय म्हाईत आमच्यात पानी हाय का न्हाई?"

"न्हाई ऱ्हात," दोनचार बाया म्हणाल्या. आणि ते खरंच होतं की! उंबरमाळच्या बायांनी दिवसभरात एवढं एकच खरं सांगितलं, आणि तेही नेमकं नको तिथं.

सरांनी ते बाईंना इंग्रजीत सांगितलं. मला तेवढं इंग्रजी समजतं. जी तिथं राहत नाही तिचं म्हणणं धरता येत नाही, असं बाई म्हणाल्या. अभ्यासाचा तसा नियम असतो म्हणे. आणि झऱ्यावर जायला वेळ नव्हता, कारण त्यांना संध्याकाळच्या आत कालव्याकाठचं गाव उरकायचं होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर प्रेमानं थोपटलं. मग कोंबड्याचं जेवण झालं, इंद्रायणीचा भात झाला, आणि जेवून झाल्यावर बाईंच्या हातांवर आणखी एक तांब्या गेला.

कालव्याकाठचं गाव फार हुशार. तिथं बाईंना कुणी पाणी विचारलंच नाही. पाण्याच्या मोटारी कडब्याखाली झाकल्या होत्या, म्हाताऱ्या रिकामी मडकी घेऊन रांगेत उभ्या केल्या होत्या. एका म्हातारीनं तर बाईंच्याच बाटलीतलं घोटभर पाणी मागितलं म्हणे. बाईंचे डोळे भरून आले. पाईप तिकडं गेला. पाईप घेतला अंकितच्याच दुकानातून, त्यामुळं शेटचं दुःख दोन दिवसांत ओसरलं.

आणि आमच्या वाट्याला काय आलं? तालुक्याच्या साप्ताहिकात फोटो. हेल्गाबाई पाटावर बसल्यात, सासू पाय धुतेय, मागं हंड्यांची उतरंड. वर मोठ्या अक्षरांत, 'डोंगरातही पाण्याचा सुकाळ, परदेशी पाहुणी भारावली'. उंबरमाळला तो अंक इतका आवडला, की सावळेरामभाऊंनी फोटो कापून देवळात डकवला. तोवर झरा आटला होता. चांगदेवनाना घसा खाकरत फोटोकडं बघायचे आणि म्हणायचे, "हंडं कसं झकास दिसत्यात!"

मग आवणी जवळ आली, पावसाचा मात्र अजून पत्ता नव्हता, आणि एक दिवस सकाळी गेणमामा, सासू आणि गोकुळ शिनोलीला आमच्या ओट्यावर येऊन बसले. निकाल लावायला.

गेणमामा जमिनीकडं बघत म्हणाले, "पोरी, काय ते सांग. जबरी न्हाई."

मी सासूला म्हणलं, "आत्या, मी पाईपाचं म्हणलं व्हतं. पाईप दारापर्यंत आला व्हता. तुमी घंगाळ उपडं केलं त्याच्यावर."

"मंग काय करू?" सासू उसळली. "दारात आलेल्या बाईला पानी न्हाई म्हनू? जीब झडंल माझी! माझ्या आयनं न्हाई म्हनलं कदी, माझ्या सासूनं न्हाई म्हनलं!"

"आणि सुनेला न्हाई म्हणताना? अर्ध्या हंड्यासाठी मला वाडीभर म्हाराणी केलंत, तवा न्हाई झडली ती जीभ? पावणीच्या पायावर घंगाळ, आन घरच्या बाईच्या डोक्यावर तांब्या न्हाई! मला पण पावणी केलंत तुमी. तुमच्या घरात पाणी मिळायचं तर पावणीच व्हावं लागतंय!"

आई म्हणाली, "प्रतिभे!" गोकुळचे डोळे भरले होते. सासू आमच्या अंगणातल्या नळाकडं बघत बसली. त्याच्याखाली आमच्या शेजारणीचं पोर उगाच खेळत होतं, आणि पाणी वाहत होतं. मग ती उठली, पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "चल. घोडेगावला जायचंय. मला कचेरीतलं वाचता येत न्हाई."

कोणत्या कचेरीत गेलो ते सांगत नाही, मला पुन्हा तिथं जावं लागतं. पाण्याच्या टँकरचं बघणारे एक साहेब होते. समोर माणसं उभी. आम्हीही उभ्या राहिलो. आमची पाळी आली, तशी सासूनं हात जोडले आणि तोंड उघडलं.

"साहेब, पानी हाय आमच्यात, पर…"

"आहे ना? मग झालं," साहेब म्हणाले. "पुढचा."

"तसं न्हाई. हाय म्हंजे… पाऊस लई पडतो आमच्यात…" तिला शब्द सापडेना. लंकाबाईला, जी जन्मात शब्दासाठी कधी अडली नाही! मला वाटलं, मी बोलावं. पण मी बोलले नाही, मुद्दाम. हे तिनंच म्हणायला पाहिजे होतं.

"न्हाई," ती म्हणाली. मग मोठ्यानं, मागच्या सगळ्या माणसांना ऐकू जाईल असं, "न्हाई साहेब. पानी न्हाई आमच्यात. प्यायला न्हाई. झरा आटला. माझी सून पान्यापायी घर सोडून गेली. टँकर द्या."

म्हणाली आणि तिनं पदर डोळ्यांवरून ओढून घेतला. लुगडं फेडल्यासारखी लाज वाटली असणार तिला, मला माहीत आहे ना.

साहेब हसले. मागच्या भिंतीकडं बोट केलं. तिथं तो फोटो होता, साप्ताहिकाचा. "आजी, हे तुम्हीच ना? परदेशी बाईचे पाय धुवायला पाणी आहे, आणि आता टँकर पाहिजे?" मागचे लोकही हसले.

"त्ये प्यायचं पानी व्हतं साहेब," सासू म्हणाली. "पावणी आली म्हनून दिलं."

"असं कुणी देतं का?"

सासूच्या मते तसं सगळेच देतात. मला राहवलं नाही.

"देतात साहेब," मी म्हणलं. "उंबरमाळात देतात. झरा आटलाय हे खरं आहे. हंडे रिकामे आहेत हे खरं आहे. पाहिजे तर आत्ता माणूस पाठवा आमच्याबरोबर."

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही शिकलेल्या दिसता. तुम्ही कोण? राहायला कुठं?"

प्रश्न साधाच होता. शिनोली म्हणलं असतं, तर साहेबांनी पुढचा म्हणून हाक मारली असती. जी तिथं राहत नाही तिचं म्हणणं धरत नाहीत, हे मी हेल्गाबाईंकडून शिकले होते. सासूनं पदराआडून माझ्याकडं बघितलं. तिनंच मला गावाबाहेर काढलं होतं सगळ्यांपुढं, आणि आता तिची अब्रू माझ्या एका शब्दावर होती. माझीही.

"उंबरमाळला," मी म्हणलं. "मी ह्यांची सून. पाणी मीच भरते."

साहेबांनी थोडा वेळ पेन टेबलावर आपटलं. मग माणूस पाठवतो म्हणाले. पाठवलाही. टँकर आला तो फाट्यापर्यंतच, कारण वर रस्ता नाही, पण फाटा झऱ्यापरीस बरा. पाईप यायला पुढं दोन हजार चार साल उजाडावं लागलं, आणि त्यासाठी सासू आणि मी त्या कचेरीत किती वेळा गेलो ते विचारू नका. आता ती साहेबांना तोंडावर न्हाई म्हणते, आणि ऐकणारा दचकतो.

पण त्या दिवशी कचेरीच्या पायऱ्या उतरताना ती एकदम थांबली. माझ्या मनगटाला धरून म्हणाली, "साहेबाला म्हनलीस त्ये… खरं का? का आपलं तितल्यापुरतं?"

मी अजून चिडलेलीच होते. म्हणलं, "साहेबासमोर खोटं बोलायला मी काय उंबरमाळची वाटले व्हय तुमाला?"

तिला ते कळायला क्षणभर लागलं. मग तिनं माझ्या पाठीत एक असा गुद्दा घातला, की मी कळवळले. आणि स्टँडवर जाईपर्यंत ती हसत होती का रडत होती ते मला कळलं नाही, कारण पदर तोंडावरच होता. शिनोली आली तेव्हा रस्त्यालगतच्या आमच्या ओट्यावर आई दिसली, तिला एसटीतूनच मी ओरडून सांगितलं, माझी पिशवी गोकुळकडं दे. आणि तशीच पुढं फाट्यापर्यंत गेले.